मोठं कुत्रं पाळलंय? मग भाकरी मोजून घाला

आमच्यात पहिलं मोठं कुत्रं आलं ते जर्मन शेफर्ड, राजा नाव. दीड महिन्याचं पिल्लू, कान पडलेले, पंजे मात्र लाडवाएवढे. वडिलांनी पंजे बघितले आणि म्हणाले ह्याला पैलवान करायचा. आता सांगली जिल्हा म्हणजे काय सांगायचं, हिंदकेसरी मारुती मानेंचं कवठे पिरान इथलंच, घरटी एक माणूस तालमीत जाऊन आलेला, त्यामुळं अंग करायचं म्हणजे खुराक पायजे हे डोक्यात पक्कं बसलेलं. राजाचा खुराक सुरू झाला. सकाळी अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्यात भाकरी कुस्करून, दुपारी अंडी, संध्याकाळी चिकन, आणि वर मेडिकलमधून आणलेली कॅल्शियमची बाटली, दोन टोपणं सकाळी, दोन रात्री, हाडं मजबूत व्हायला म्हणून.

पाचव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला फाकले. मनगटाजवळ गाठीसारखं सुजलेलं दिसायला लागलं, आणि जिना चढताना पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून थांबायचा आणि माझ्याकडं बघत बसायचा. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मग म्हणाले ती बाटली दाखवा, बघितली आणि सरळ टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. हे बंद, दूध बंद, आणि जे घालताय त्याच्या पाऊणपटच घाला. वडील माझ्याकडं बघत राहिले, कारण आम्ही गेलेलो ते आणखी ताकदीचं काहीतरी लिहून घ्यायला.

आता घरात सोन्या आहे, लॅब्रॅडॉर, सहा वर्षांचा. खाली जे लिहितोय ते ह्या दोघांवर चुकत चुकत आणि डॉक्टरांच्या शिव्या खात शिकलेलं आहे. मी काही डॉक्टर नाही, पण लॅब, शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड असलं पंचवीस-तीस किलोच्या वर जाणारं कुत्रं आणलं असेल किंवा आणायचं डोक्यात असेल तर एवढं वाचून घ्या.

पहिली गोष्ट पिल्लाची. लहान जातीचं कुत्रं आठ-दहा महिन्यांत वाढून मोकळं होतं, मोठ्या जातीचं बारा ते अठरा महिने वाढत राहतं, ग्रेट डेनसारखं राक्षसी असेल तर दोन वर्षं पण लागतात. ह्या काळात हाडाच्या टोकाला कूर्चा असते तिचं हळूहळू हाड होत असतं. त्या कच्च्या हाडावर वजन भराभर चढवलं की सांधे वाकडेतिकडे बसतात, हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, ज्याच्या रक्तात आहे त्याचा तो जोर धरतो, कोपराचं दुखणं निघतं. आपल्याला वाटतं गुबगुबीत पिल्लू म्हणजे तब्येतीत आहे. उलटं आहे. मोठ्या जातीचं पिल्लू सडसडीत पायजे, कंबर दिसली पायजे, शेजारचे "खायला घालत नाही का ओ ह्याला" म्हणायला लागले की समजायचं बरोबर चाललंय. आणि कमी खाल्लं म्हणून उंची मारली जात नाही, उंची रक्तातनं ठरलेली असते, तिथं पोचायला दोन-तीन महिने जास्त लागतील एवढंच.

आता कॅल्शियम, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच आहे. मोठं झालेलं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातनं कमी शोषतं, म्हणजे दार लावून घेतं म्हणा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते दार नीट लावताच येत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंचसं आत जातं आणि हाडाची घडण बिघडवतं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासून झालंय, ते पण १९८० च्या दशकात, म्हणजे काही नवीन शोध नाही, आपल्याकडं अजून पोचला नाही एवढंच. त्यामुळं पिल्लाला तयार पपी फूड चालू असेल तर वरनं कॅल्शियमचं सिरप, गोळ्या, पावडर काही म्हणजे काही घालायचं नाही. दुकानदार पिशवीसोबत बाटली हातात देतो, नको म्हणायचं. डॉक्टरांनी तपासून दिलं तर गोष्ट वेगळी.

आणि ह्याच्या उलटी चूक पण होते, नुसतं चिकन किंवा नुसतं मटण घालायचं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर स्वतःच्या हाडातनं कॅल्शियम ओढून काढतं आणि हाडं पोकळ होतात, साध्या उडीनं पाय मोडतो. म्हणजे जास्त पण वाईट, कमी पण वाईट. म्हणूनच मी स्पष्ट सांगतो, मोठ्या जातीच्या पिल्लाला पहिलं वर्ष-सव्वा वर्ष घरचं खाणं करत बसू नका, तो हिशोब आपल्याला जमत नाही. चांगलं लार्ज ब्रीड पपी लिहिलेलं फूड घ्या. पिशवीच्या मागं बारीक अक्षरात कॅल्शियमचा आकडा असतो तो बघा, साधारण १.२ टक्क्याच्या आसपास असावा, १.८ च्या वर नको. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण सव्वाला एक असं काहीतरी बसलं पायजे. आकडाच छापला नसेल तर ती पिशवी परत ठेवायची. प्रोटीनला मात्र घाबरू नका, जास्त प्रोटीननं पिल्लाची हाडं बिघडतात हा समज जुना आहे, बिघडवतात त्या जास्तीच्या कॅलरी आणि जास्तीचं कॅल्शियम.

किती वेळा घालायचं तर चार महिन्यांपर्यंत दिवसातनं तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं जन्मभर दोन वेळा. भांडं भरून दिवसभर समोर ठेवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, राहिलं तर उचलायचं. लॅबच्या बाबतीत राहायचा प्रश्नच येत नाही म्हणा.

आता माप. पिशवीवर तक्ता असतो, पण तो बहुतेक वेळा सढळ हातानं छापलेला असतो, त्यामुळं तो सुरुवातीला अंदाज म्हणून घ्यायचा. मी करतो तो हिशोब सांगतो, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की वर्गमुळाचं बटण दिसतं तेवढं पुरे. कुत्र्याचं वजन तीनदा गुणायचं, म्हणजे वजन गुणिले वजन गुणिले वजन. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, मग त्याचं परत वर्गमूळ काढायचं, आणि त्याला ७० नं गुणायचं. ३२ किलोचं कुत्रं धरा, ३२ तीनदा गुणून ३२,७६८, वर्गमूळ १८१, परत वर्गमूळ १३.४५, गुणिले ७०, आले ९४० च्या आसपास. हे झालं नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी. घरात राहणारं, नसबंदी झालेलं, सकाळ-संध्याकाळ फिरणारं कुत्रं असेल तर ह्याला दीडनं गुणा, म्हणजे १,४०० च्या आसपास. अगदीच आळशी असेल तर त्याहून कमी, शेतावर दिवसभर पळणारं असेल तर जास्त. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर तिपटीच्या आसपास, त्यानंतर दुपटीच्या आसपास, पण पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं त्यामुळं आकडा परत परत काढायला लागतो.

कोरड्या फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, पिशवीवर लिहिलेलं असतं. म्हणजे १,४०० कॅलरीला साधारण पावणेचारशे ग्रॅम, दोन वेळात वाटून. आणि हे ग्रॅम काट्यावर मोजायचे. मग्गा किंवा वाटीनं मोजू नका, आमच्यात एकाच मग्ग्यानं मी घातलं की १४० ग्रॅम भरायचं आणि आईनं घातलं की १९०, कारण आई मग्ग्याला वर शीग लावायची. किराणावाल्याकडं असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, ओट्यावर ठेवला, भांडण मिटलं.

भांडण मिटलं म्हणजे ते एक मिटलं. खरा घोळ वरच्या खाण्यात असतो. एकदा मी एक दिवस घरात कुणालाच न सांगता वहीत लिहून काढलं की सोन्याच्या पोटात काय काय गेलं. आजीनं सकाळी चहाबरोबर सहा ग्लुकोज बिस्किटं दिली, एकाला २५ कॅलरी धरा, दीडशे. आईनं दुपारची उरलेली ज्वारीची एक भाकरी, दोनशेच्या वर. वडिलांनी रात्री कपभर म्हशीचं दूध, ते पण दोनशे. पोरानं स्वतःच्या ताटातली अर्धी चपाती टेबलाखालनं सरकवली ती साठ-सत्तर धरा. पाहुणे साताऱ्याचे, कंदी पेढे घेऊन आलेले, त्यातला एक. सगळे मिळून सातशेच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या खाण्याच्या निम्मं, आणि फूड तर पूर्ण मापानं घातलंच होतं. आणि प्रत्येकाला विचारलं तर "मी एवढंसंच दिलं". वरचं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसलं पायजे, १,४०० ला १४०, म्हणजे ती आजीची सहा बिस्किटं सुद्धा बसत नाहीत. आता आमच्यात एक डबा आहे, सोन्याच्या रोजच्या फूडमधलंच एक मूठ सकाळी त्या डब्यात काढून ठेवतो, ज्याला लाड करायचेत त्यानं त्यातनं एकेक दाणा द्यायचा, डबा संपला की लाड संपले. आजीला पहिले पंधरा दिवस हे पटलं नाही. कुत्र्याला बिस्किटापेक्षा हातातनं मिळतंय ह्याचं कौतुक जास्त असतं हे तिनं स्वतः बघितल्यावर पटलं. गाजराचा तुकडा, काकडी, बी काढलेलं सफरचंद, हे पण चालतं.

सडसडीत ठेवायचं ह्यावर एवढा जोर का देतोय त्याला एक कारण आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या, एकाच वेताच्या दोघांची एक जोडी, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं जन्मभर घातलं. २००२ साली त्याचा निकाल छापून आला. कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११.२ वर्षं. पावणेदोन वर्षांचा फरक, आणि सांधेदुखी पण कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. जास्त खाणारी पिल्लं सुद्धा काही फार बेढब नव्हती, आपल्याकडं ज्याला चांगली तब्येत म्हणतात तशीच.

बरोबर अंगात आहे का नाही ते बघायला हाताची युक्ती आहे. एका हाताची मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या गाठी चाचपा, बरगड्या तशा टोकदार लागत असतील तर वाळलंय. हात पालथा सरळ धरून गाठींवरनं बोटं फिरवा, तसं लागत असेल तर बरोबर. आणि तळहाताचा अंगठ्याजवळचा गुबगुबीत भाग चाचपल्यासारखं लागलं, बरगडी शोधायला लागली, तर जास्त झालंय. वरनं बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसली पायजे. फक्त मुधोळ किंवा कारवानी पाळणाऱ्यांनी घाबरू नये, त्यांच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही त्या जातीची घडणच आहे. आमच्या इकडं मुधोळवाल्यांना रस्त्यात थांबवून लोक "चारा जरा ह्याला" म्हणून सांगतात, त्यांच्या नादाला लागायचं नाही.

मोठं झालेल्या कुत्र्याला घरचं घालायचं असेल तर घालता येतं, पण भाकरी-दूध म्हणजे घरचं खाणं नव्हे. ते पोट भरायचं काम झालं. आमच्यात सोन्याला घरचं असतं त्या दिवशी साधारण असं असतं: ४०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन, कातडं बरंचसं काढून, दोन ज्वारीच्या भाकरी किंवा तेवढाच भात, दोन अंडी उकडून, दीडशे ग्रॅम लाल भोपळा नाहीतर गाजर-घेवडा शिजवून, एक चमचा तेल. हे सगळं १,२०० ते १,३०० कॅलरीत बसतं. चिकन पाण्यात शिजवायचं, हळद चालेल, मीठ नको, तिखट नको, आणि कांदा-लसूण अजिबात नको. आपल्या रश्श्यातलं पाणी भाकरीवर घालायची सवय असते ती मोडायची, कारण कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, एका दिवसात दिसत नाही, हळूहळू हिरड्या पांढऱ्या पडायला लागतात. भडंग पण त्यातच आलं, त्यात तळलेला लसूण असतो. सांगलीत राहून कुत्र्यासमोर भडंग खायचं आणि त्याला द्यायचं नाही म्हणजे शिक्षाच आहे, पण नाहीच द्यायचं.

ह्या घरच्या खाण्यात कॅल्शियम नसतंच, ते वरनं घालायला लागतं. अंड्याची टरफलं धुवायची, तव्यावर कोरडी भाजायची, मिक्सरला पीठ करायची, पार पिठासारखी, खडे राहता कामा नयेत. त्याचा एक सपाट चहाचा चमचा म्हणजे दोन ग्रॅमच्या थोडं आत कॅल्शियम. ३२ किलोच्या मोठ्या कुत्र्याला वर सांगितलेल्या खाण्यात पाऊण चमचा बसतो. परत सांगतो, हे मोठं झालेल्या कुत्र्याला, पिल्लाला नाही. आणि एवढं करून पण झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी, ई असल्या गोष्टी कमीच पडतात, त्यामुळं रोजच घरचं घालायचं ठरवलं तर डॉक्टरांकडनं त्याला साजेशी व्हिटॅमिन-मिनरलची पावडर लिहून घ्यायचीच. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिकडं पण विचारता येईल. मी मधला मार्ग काढलाय, आठवड्यातनं पाच दिवस फूड, दोन दिवस घरचं. एका फूडवरनं दुसऱ्यावर जायचं असेल तर एकदम नाही, सात-आठ दिवस थोडं थोडं मिसळत न्यायचं, नाहीतर अंगण धुवत बसायला लागतं.

नाचणीबद्दल विचारतात लोक. चांगली आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. नाचणीची भाकरी घातली म्हणून टरफलाची पावडर बंद करता येत नाही. काळीज आठवड्यातनं एकदा थोडंसं, रोज नको, व्हिटॅमिन ए जास्त होतं. वजडी स्वच्छ धुवून शिजवून चालते.

हाडं. चिकनवाला ओळखीचा असला की छाटण देतो पिशवी भरून, आपल्याला वाटतं फुकट मिळालं. शिजवलेलं हाड कुठलंच घालायचं नाही, कोंबडीचं तर नाहीच, ते उभं चिरतं आणि सुईसारखं होतं. मटणाची नळी खाऊन दात मोडलेली कुत्री मी दोन बघितलीत. आणि छाटणातली चरबी एकदम भरपूर पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते, कुत्रं पुढचे पाय ताणून आणि ढुंगण वर करून उभं राहतं, उलट्या करतं. जत्रेच्या, बकऱ्याच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते ती ह्याचीच.

आता आमच्या भागाचं खास विष. द्राक्षं. आमचं शेत तासगाव तालुक्यात, मार्चमध्ये बेदाण्याचं शेड चालू असतं, सोन्या दोन वर्षांचा असताना त्याला घेऊन गेलो. आम्ही चहा पीत बसलो आणि हा रॅकच्या खाली पडलेलं चाटत फिरत होता. मला तेव्हा माहीत होतं की द्राक्षं वाईट, पण बेदाणे डोक्यातच आले नाहीत. चुलतभावाचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, काका त्यानं बेदाणे खाल्लेत, कुत्र्याला चालतात का. तिथनं गाडीत घातलं आणि तासाच्या आत दवाखान्यात. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, फुगलेले बेदाणे बाहेर पडले, मी मोजले, ४१. पुढं तीन दिवस सलाइन आणि रोज रक्त काढून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी चालतीय का बघायची तपासणी. वाचला. द्राक्ष, बेदाणा, मनुका ह्यानं कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, थॉमसन असो का सोनाका, हिरवं असो का काळं. त्यातलं टार्टारिक ॲसिड कारण असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेत पण असतं, त्यामुळं चिंचेची आमटी पण नको. वाईट म्हणजे किती खाल्ल्यावर होईल ते सांगता येत नाही, एखादं मूठभर खाऊन फिरतं, एखादं चार-पाचावर आडवं होतं. आणि उलट्या-मरगळ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, त्या मिठानंच कुत्रं दगावतं. सरळ गाडीत घाला. शिरा, लाडू, खीर, शेवयाची वाटी चाटायला देताना त्यात बेदाणे आहेत का बघा, प्रसादाच्या दिवशी तर नक्की बघा. चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगगम पण ह्याच यादीत, त्या गममधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते, फार वाईट.

बुरशीचं पण बोलायला पायजे. भाकरीला बुरशी आली की "कुत्र्याला टाक" हे आपल्याकडं सहज म्हणतात. मक्याला, शेंगदाण्याला, पेंडीला येणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं, ते कुत्र्याचं लिव्हर खातं. आपण जे खाणार नाही ते त्याला पण नाही. पावसाळ्यात तर फूडची पिशवी उघडी ठेवूच नका. दुकानात वीस किलोची स्वस्त पडते म्हणून आणतात आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन महिने पुरवतात, तळातलं फूड खवट वास मारतं. पावसाळ्यात छोटी पिशवी आणा, महिन्यात संपेल एवढी, आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. २०१९ च्या पुरात आम्ही पाहुण्यांकडं विट्याला गेलो तेव्हा गडबडीत फूड राहिलंच, आठ दिवस चपाती-अंड्यावर काढले, तेव्हापासून जूनमध्ये एक तीन किलोची बंद पिशवी वरच्या मजल्यावर ठेवतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी लिहितोय पण आधी लिहायला पायजे होतं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगतं आणि पीळ बसतो. ग्रेट डेन, शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड, सगळ्यांना धोका. आमच्या गल्लीच्या टोकाला ग्रेट डेन होता, दिवसातनं एकदाच जेवायचा, रात्री, दोन मिनिटांत पातेलं साफ. एका रात्री जेवला, थोडं पळाला, आणि अकराच्या सुमाराला ओकायचा प्रयत्न करायला लागला पण बाहेर काहीच येईना, नुसती लाळ. अपचन झालं असेल, सकाळी बघू म्हणून झोपले. सकाळ त्यानं बघितली नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं, ओकारी येतीय पण काही पडत नाही, एका जागी बसवत नाही, लाळ गळतीय, हे दिसलं की ओवा, सोडा, इनो काही करत बसायचं नाही, तास-दोन तासात ऑपरेशन लागतं. म्हणून आज, कुत्रं धडधाकट असतानाच, सांगली-मिरजेत किंवा तुमच्या जवळ रात्री फोन उचलणारं आणि असलं ऑपरेशन करणारं कोण आहे ते विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.

टाळायचं कसं तर एकाऐवजी दोन वेळा जेवण, जेवणाआधी आणि नंतर तासभर पळापळ नाही, आणि गपागप खाणं थांबवायचं. त्याला स्लो फीडर भांडी मिळतात. मी कृष्णेच्या घाटावरनं नारळाएवढा गुळगुळीत गोटा आणला, उकळून घेतला आणि भांड्याच्या मध्ये ठेवला. गोट्याभोवती जीभ घालून दाणे काढायला सोन्याला आठ मिनिटं लागतात, आधी पाऊण मिनिटात उरकायचा. गोटा कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढा पायजे. भांडं उंच स्टँडवर ठेवलं की पोट फुगत नाही असं विकणारे सांगतात, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात मोठ्या कुत्र्यांवर अभ्यास झाला त्यात उलटंच निघालं, उंच भांड्यावाल्यांत धोका जास्त दिसला. म्हातारं, मान दुखणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना विचारा, बाकी जमिनीवरच ठेवा.

उन्हाळ्यात एप्रिल-मेला आमच्याकडं पारा चाळिशीला जातो तेव्हा कुत्रं आपण होऊन कमी खातं, जबरदस्ती करू नका. सकाळी सहाला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर घाला. पाणी किलोमागं ५०-६० मिली धरा, ३२ किलोला दीड-दोन लिटर, उन्हात त्याच्या वर. बिनमिठाचं पातळ ताक वाटीभर चालतं, दुधापेक्षा ते बरं पचतं.

सोन्याचं सांगायचं राहिलं. एवढं सगळं माहीत असून पण मागच्या वर्षी नसबंदीनंतर त्याचं माप कमी करायचं राहून गेलं, नसबंदी झाली की पाव भाग तरी कमी करायला लागतं, आणि बघता बघता त्याचा पाट झाला. घरच्या वजनकाट्यावर एवढं कुत्रं उभं राहत नाही, उचलून घेऊन वजन करायचं तर माझी कंबर जाते. मार्केट यार्डात मित्राचं हळदीचं दुकान आहे, तिथं पोत्याच्या काट्यावर त्याला बसवला. ३८.४ किलो. ३२ पायजे होता. मग ३२ किलोच्या हिशोबानं जे ९४० निघतात तेवढ्याच कॅलरी दिवसाला, गुणिले काही नाही, आणि पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून फूडमध्ये शिजवलेला दुधी नाहीतर घेवडा. हे करताना डॉक्टरांना विचारून करा, आणि आठवड्याला वजनाच्या एक टक्का, फार तर दोन टक्के कमी होईल एवढंच, घाई नाही.

दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी काट्यावर. पंजे पिवळे करून घरी यायचा, फरशीभर पिवळे ठसे, आई ओरडायची. पाच महिन्यांनी काटा ३२.१ वर थांबला. तिथला हमाल पहिल्या दिवसापासून बघत होता, पाठीवरचं पोतं खाली ठेवून म्हणाला, "आण्णा, ह्या पोत्यात तूट लागली की."